बर्फात चढताना हात कसे जपायचे: कोकणातून निघणाऱ्यांसाठी हातमोज्यांचा सविस्तर मार्गदर्शक

रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे पारा १८-२० अंशांवर आला की घरोघरी कानटोप्या निघतात. दापोलीकर जरा कणखर, त्यांच्याकडे तो दहाच्या आसपासही जातो. त्यापलीकडची थंडी मात्र आपल्या किनाऱ्यावर कुणाच्या हाताला ठाऊक नसते. आणि हल्ली खेड-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं ऐन हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातात, कुणी उत्तरकाशी-मनालीच्या संस्थांमधले कोर्स करतात, कुणी स्पितीतल्या गोठलेल्या धबधब्यांवर आईस क्लाइंबिंग शिकायला पोचतात. रसाळगड-सुमारगड-महिपतगड हसतखेळत करणारा गडी तिथे पहिल्याच सकाळी क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या धातूच्या दात्यांचा) पट्टा ओढताना रडकुंडीला येतो. दम असतो, पाय साथ देतात, बोटं ऐकत नाहीत.

दुकानात शिरल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात जाड कुठले आहेत?" तिथेच गाडी रुळावरून घसरते. हातमोजा ऊब तयार करत नाही. अंगाने बोटांपर्यंत पाठवलेली ऊब तो राखतो, आणि ओला झाला की तेवढंही त्याला जमत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यामुळे इथून पुढे जे काही सांगतोय, ते बहुतेक सगळं हात कोरडा कसा ठेवायचा याबद्दल आहे. घामट हवेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तळहात ओला असण्याची इतकी सवय असते की तो ओला आहे हे लक्षातही येत नाही.

बोटंच आधी का गारठतात

थंडी वाजली की शरीर आधी काळीज, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांत स्नायू जवळपास नाहीत, म्हणजे स्वतःची ऊब तयार करण्याची सोय नाही. त्यात आकार बारीक आणि चहूबाजूंनी हवा. कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची सफाई कमी व्हायला लागते. गाठ बांधता येते पण नीट बसली का ते कळत नाही. चढाईत हा प्रकार धोक्याचा.

म्हणून हात गार पडले तर आधी अंगाकडे बघा. टोपी घातली आहे का? जॅकेटची चेन वर आहे का? शेवटचं खाल्लं कधी? पोटात काही नसताना नवे हातमोजे चढवून फार फरक पडत नाही. शेंगदाण्याचा लाडू, काजू, खोबऱ्याची वडी हे सगळं चालतं. आंबापोळी-फणसपोळी मात्र आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ती चामड्यासारखी कडक होते.

तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीसुद्धा त्या दिवसांत बंद. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. मद्याचं काम उलटं, पण नुकसानीचंच: कातडीकडे रक्त धावतं, बरं वाटतं आणि अंगातली ऊब निघून जाते. ज्यांची बोटं साध्या फ्रिजच्या पाण्यानेही पांढरी पडतात, ज्यांना मधुमेह आहे किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

काय घ्यायचं: एक जाड जोड पुरत नाही

तीन थर लागतात. हाताला चिकटून बसणारा पातळ लायनर, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. सुती नको, सुती कापड घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही. त्यावर ऊब धरणारा थर, फ्लीस किंवा प्रिमालॉफ्टसारखं कृत्रिम भरण. पिसांचं भरण वजनाला हलकं आणि उबदार, पण भिजलं की चोथा. ओल्या बर्फात चढणाऱ्याच्या हातावर ते नको. सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारा शेल, तळव्याला चामडं असलेला. सुटे थर घेतलेत तर एक ओला झाला की तेवढाच बदलता येतो. सगळं एकत्र शिवलेला जाड हातमोजा एकदा आतून भिजला की तंबूत दोन दिवस वाळत नाही.

आता मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एका घरात. ऊब हवी असेल तर याला तोड नाही. चारही बोटं एकमेकांना ऊब देतात आणि हवेला लागणारा पृष्ठभाग कमी होतो. तोटा एकच, मिटन घालून बारीक काम होत नाही. त्यामुळे माझा हिशोब असा: चालताना आणि थांबताना मिटन, हाताने काम करताना पाच बोटांचा हातमोजा, आणि उघडा हात कधीच नाही. लायनर घातलेला हात म्हणजे तुमचा 'उघडा हात'.

हिवाळी ट्रेकला दोन लायनर, एक मधला थर, एक शेल आणि एक जाड मिटन एवढं पुरेसं होतं. आईस क्लाइंबिंगला चित्र बदलतं. तिथे हातमोजे भिजणारच हे गृहीत धरून पातळ, पकड देणारे दोन जोड चढाईला, एक जाड जोड बिलेला, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळताना, आणि मिटन अडीअडचणीला. पैसे कमी असतील तर कात्री शेलवर लावू नका. लायनर साधा चालतो, मधला फ्लीसचा जोड स्वस्तात मिळतो, पण शिवणीतून पाणी घेणारा शेल बाकीचं सगळं निकामी करतो. मिटन भाड्याने मिळतात. घेताना अंगठ्याची शिवण आणि मनगटाचं इलॅस्टिक तिथेच तपासा आणि आत हात घालून अस्तर बोटांबरोबर बाहेर उलटून येत नाही ना ते पाहा. अस्तर सुटलेला मिटन डोंगरावर पुन्हा हातात चढत नाही.

माप घेताना लायनर घालूनच शेल घालून बघा आणि मूठ आवळा. बोटांच्या पाठीवर कापड ताणलं गेलं तर तो लहान आहे. घट्ट हातमोजा दोनदा मारतो: रक्त अडवतो आणि आतलं भरण चेपून त्यातली हवा काढून टाकतो, आणि खरी ऊब त्या अडकलेल्या हवेतच असते. बोटांच्या टोकाला किंचित जागा हवी, पण कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) गेट दाबताना रिकामं टोक मध्ये अडकेल इतकी नको. हे बघायला दुकानात खिशातून कॅराबिनर घेऊन जा, कोण काय म्हणेल याची पर्वा करू नका.

दोरी बांधा, आजच

३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. ८,००० मीटरवरच्या शिखरावर माणूस चढल्याची ती पहिली वेळ. उतरताना हर्झॉगने सॅक उघडायला हातमोजे काढले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते. ते हातात घालावेत हे त्या उंचीवर, त्या अवस्थेत त्याला सुचलंच नाही. पुढे त्याची हातापायाची बोटं कापावी लागली.

यातून करायची कामं दोन. एक, प्रत्येक शेल आणि मिटनला मनगटाची दोरी. आपल्याकडे यासाठी काही मागवावं लागत नाही. शिंप्याकडचं गोल इलॅस्टिक घ्या, साधारण वीतभर लांब घेऊन त्याचा फास करा, हातमोज्याच्या मनगटाला शिवून टाका आणि लायनरच्या वरून मनगटात घाला. हातमोजा काढला की तो लोंबत राहतो, पडत नाही. फास सैल हवा, रक्त आवळणारा नको. दोन, सॅकमध्ये जादा जोड सगळ्यात वर आणि तो तिथे आहे हे जोडीदाराला ठाऊक. काही नसेल तर पायमोजे. हे आत्ताच डोक्यात बसवा, कारण उंचीवर डोकं सुट्टीवर असतं.

जाळी विणणाऱ्यांच्या दुकानात बारीक नायलॉन दोरी मिळते. तिचे बोटभर फास जॅकेटच्या, सॅकच्या, तंबूच्या प्रत्येक चेनला बांधा. मिटन न काढता चेन ओढता आली की दिवसातून कितीतरी वेळा हात उघडा करणं वाचतं.

मासळीच्या बर्फात सराव

थंडी नाही म्हणून सराव करता येत नाही, ही पळवाट आहे. मिरकरवाडा असो की हर्णै, मासळी उतरते तिथे फोडलेला बर्फ मिळतोच. थर्माकोलची पेटी भरून घरी आणा. लायनर आणि शेल घालून हात मनगटापर्यंत बर्फात खुपसा, दहा मिनिटं मुठी उघडझाप करत राहा. बाहेर काढल्यावर शेल उतरवून लायनर चाचपा. कोरडा असेल तर शेल पास. एखाद्याच बोटाला ओल लागली तर त्या बोटाची शिवण गळते आहे. घामाने ओला झालाय की बर्फाने, हा प्रश्न पडला तर बघा: घाम तळव्याला जास्त लागतो, गळती टोकाला किंवा शिवणीवर.

मग गार हातांनी, फक्त लायनरवर, ही कामं करा: आठाची गाठ, हार्नेसचं (दोर बांधायच्या कमरपट्ट्याचं) बकल, क्रॅम्पॉनचा पट्टा, बाटलीचं झाकण, हेडटॉर्चचं बटण. नंतर हीच कामं शेल घालून. जे शेल घालून जमत नाही त्याची यादी करा आणि तेवढ्याचा रोज संध्याकाळी सराव. क्रॅम्पॉनचा पट्टा हमखास यादीत येतो. पट्ट्याचं टोक कात्रीने तिरकं कापून मेणबत्तीवर हलकंसं वितळवलं की ते बकलात सरळ जातं आणि जाड हातमोज्यातूनही पकडता येतं.

एक सावधगिरी. पॉट आईस्क्रीमसारखं बर्फात मीठ टाकून 'जरा जास्त थंड' करायला जाऊ नका. मीठ घातलेला बर्फ उणे १० च्याही खाली जातो आणि कातडी खरोखर गोठू शकते. नुसता बर्फ शून्याला असतो, सरावाला तेवढा बस. उघडे हात त्यातही बुडवून ठेवायचे नाहीत, शौर्य दाखवायची ती जागा नव्हे.

डोंगरावर: पहाट ते माथा

केदारकंठा ३,८०० मीटरच्या आसपास आहे. माथ्यासाठी अंधारात निघावं लागतं आणि पारा उणे १० किंवा त्याखाली असू शकतो. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. लक्षात ठेवा, गारठलेला हात तापवण्यापेक्षा गरम हात गरम ठेवणं कितीतरी सोपं. त्यामुळे रात्री लायनर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपा, उठल्यावर बॅगमध्येच हातात चढवा आणि मग बाहेर या. अंगठ्या घरीच ठेवून या. धातू थंडी ओढतो आणि बोट सुजलं तर अंगठी निघत नाही. घट्ट कडं आणि बांगड्यांचंही तेच.

खोबरेल तेल चोपडून निघायची आपली सवय इथे कामाची नाही. ते २४-२५ अंशांखालीच थिजतं, हे डिसेंबरातली न्हाणीघरातली बाटली सांगतेच. तेल-मलमाने हिमदंश (थंडीने बोटं गोठणं) टळत नाही, लायनर मात्र तेलकट होऊन ऊब धरेनासा होतो. भेगांना मलम लावायचं ते रात्री झोपताना.

चालायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अंग तापतं. इथे आपली माणसं चुकतात: "बरं वाटतंय, राहू दे मिटन." आत घाम साचतो आणि पहिल्या थांब्यावर तोच घाम बोटं गोठवतो. तळवा कोमट-दमट लागला की लगेच मिटन उतरवा, शेल-लायनरवर या. किंचित गार वाटत चालणं हा योग्य अंदाज. थांबलात की आधी मिटन चढवा, मग पाणी, मग फोटो. हातमोजा काढावाच लागला तर तो बर्फावर ठेवू नका, दातात धरू नका (श्वासाची वाफ आत जाते), जॅकेटच्या आत छातीशी कोंबा. हार्नेसला अडकवायचा तर हातमोज्याच्या बोटाच्या टोकाला असलेल्या फासातून, म्हणजे तोंड खाली राहतं आणि आत बर्फ पडत नाही.

आईस ॲक्सचं, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीचं, डोकं हातात धरून चालताना तळव्यातून ऊब सतत जाते. त्यावर फोमची पट्टी आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. उघड्या हाताने कॅराबिनर किंवा आईस स्क्रू (बर्फात पिळून बसवायचा धातूचा स्क्रू) धरायचा नाही. स्क्रू ओठांत धरणं तर मुळीच नाही, ओठ चिकटतो.

प्रत्यक्ष बर्फाच्या भिंतीवर तीन गोष्टी हात गारठवतात. पहिली, पकड. नवा माणूस ॲक्स जीव मुठीत धरल्यासारखी आवळतो, आणि आवळलेल्या मुठीत रक्त शिरत नाही. ॲक्स बर्फात नीट बसली की बोटं सैल करा, वजन पायांवर घ्या. दुसरी, हात सतत डोक्याच्या वर. दर दोन-तीन फटक्यांनंतर एक हात खाली सोडा, झटका. बोटं बधिर वाटू लागली तर थांबून हात खांद्यातून मोठ्या वर्तुळात जोरात फिरवा, रक्त टोकापर्यंत फेकलं जातं. तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक दिसते: मनगटाची बाही. चालताना हात खाली असतात, तेव्हा जॅकेटची बाही हातमोज्याच्या वर हवी. भिंतीवर हात वर असतात आणि वितळलेलं पाणी बोटांकडून कोपराकडे वाहतं. हातमोजा बाहीच्या आत असेल तर ते पाणी सरळ बाहीत शिरून काखेपर्यंत जातं. म्हणून चढायला लागण्यापूर्वी लांब मनगटाचा हातमोजा बाहीच्या वर ओढून घ्या. उतरताना पुन्हा उलट.

बिले स्टेशनला पोचलात की चढाईचा ओला जोड काढून जॅकेटच्या आत, पोटाशी. तिथे आधीपासून ऊबत असलेला जाड जोड हातात. पुढच्या पिचला (चढाईच्या पुढच्या टप्प्याला) पुन्हा अदलाबदल. पातळ जोड पोटाशी पूर्ण वाळत नाही, पण दगडासारखा कडक तरी होत नाही.

लोखंडाच्या भुकटीचे हँड वॉर्मर हवेतल्या ऑक्सिजनने तापतात. घालायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पाकीट फोडा, हलवा आणि लायनरच्या बाहेर, हाताच्या पाठीवर ठेवा. थेट कातडीवर भाजतं. उंचीवर विरळ हवेत आणि बंद मिटनमध्ये ते कोमटच राहतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर पातळ हातमोजे नेऊ नका.

ज्यांच्या तळव्यांना फारच घाम येतो त्यांनी लायनरच्या आत दवाखान्यात वापरतात तसे पातळ नायट्रिलचे हातमोजे घालून पाहावेत. घाम बाहेरच्या थरांत जात नाही. हात दमट राहतो पण ऊब टिकते. काढल्याबरोबर मात्र हात पुसून कोरडा लायनर घाला.

तंबूतली संध्याकाळ

ओले हातमोजे स्टोव्हवर किंवा शेकोटीवर वाळवायचा मोह सगळ्यांना होतो. चामडं आकसून तडकतं, आतला पाणी अडवणारा पडदा जातो. गरम पाण्याची बाटली झाकण पक्कं लावून त्यावर ओलसर लायनर गुंडाळा आणि बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पाय गरम, लायनर कोरडा, सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी. निथळणारा शेल मात्र बॅगमध्ये नको, तो पिळून, पुसून बॅगच्या बाहेर अंगाखाली ठेवा.

कळा, बधिरपणा आणि खरा धोका

गारठलेल्या बोटांत रक्त परततं तेव्हा अशा कळा येतात की डोळ्यांत पाणी येतं, काहींना मळमळतं. मिनिटभराने, फार तर काही मिनिटांनी ओसरतात. हा चांगला दुखणारा प्रकार: रक्त आलं. सुरक्षित जागी थांबा, हात काखेत घ्या, जाऊ द्या.

भीती वाटायला हवी ती गारठलेलं बोट ऊब न मिळताच दुखायचं थांबल्यावर. बोट पांढुरकं, मेणचट, बधिर पण दाबल्यावर मऊ लागत असेल तर ती सुरुवात आहे. लगेच काखेत किंवा जोडीदाराच्या पोटाला लावा. रंग आणि संवेदना परत आली तरी त्या दिवशी त्या हाताला जास्त जपा, आणि वारा वाढत असेल तर परत फिरा. बोट लाकडासारखं कडक झालं, संवेदना परतत नसेल, तर तो हिमदंश समजा. चोळू नका, बर्फ घासू नका, शेकोटीला धरू नका. बधिर कातडीला भाजल्याचंही कळत नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूही नका, कारण वितळून परत गोठलेलं बोट जास्त जातं. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, साधारण अर्धा तास. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाचं अंघोळीचं पाणी बघतात तसं धडधाकट माणसाने कोपर बुडवून बघावं. गार होईल तसं गरम पाणी घालत राहा, पण हात बाहेर काढून. फोड फोडू नका, बोटांमध्ये कोरडी जाळीची पट्टी ठेवा आणि पहिल्या २४ तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचा. काही उपचार तेवढ्याच मुदतीत चालतात.

परत आल्यावर, पावसाळ्यापूर्वी

हिमालयात टिकलेले हातमोजे कोकणातला एक पावसाळा खातो. चामड्यावर हिरवी बुरशी धरते, आतला पॉलियुरेथेनचा थर दमट उकाड्यात हळूहळू विरघळून चिकट होतो, खाऱ्या हवेने चेनी गंजतात. घरी आल्या आल्या, मे उजाडायच्या आत, लायनर-शेल कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य नको, त्याने पाणी अडवण्याचा गुण जातो. सावलीत, पंख्याखाली, आतून बाहेरून पूर्ण वाळवा. चामड्याला मधमाशीचं मेण पातळ चोळा. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, न चेपता, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. लोकरीचा लायनर वेगळ्या पिशवीत, नाहीतर कसर लागते. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडून सगळं वारवा आणि पुड्या कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा कोरड्या करा.

ऑक्टोबरात शेल काढून आत हात घाला. अस्तर चिकट लागलं, सोललेले पापुद्रे बोटांना लागले, तर तो गेला. मासळीच्या बर्फात पुन्हा परीक्षा घेण्यात अर्थ नाही, नवा शेल घ्या. लायनर आणि मधला थर अजून काही हिवाळे चालतील.